यंत्र गिऱ्हाईक होऊन येईल तेव्हा

देवगडच्या आंबा बागायतदारांच्या घरांत सध्या दोन पिढ्यांमध्ये एक वाद चालतो. मोहोर, तुडतुडे, फवारणी यांवर त्यांचं फारसं भांडण नसतं. भांडण होतं ते माल विकायचा कसा, यावर. तो वाद मी अनेक पडव्यांवर ऐकला आहे आणि इथे दोन माणसांच्या तोंडी घातला आहे. काकांनी उभा जन्म वाशीच्या बाजारात पेट्या पाठवल्या. पुतणी पुण्यात संगणकाचं काम करते आणि हंगामात घरी येऊन मुंबई-पुण्याच्या घरपोच ऑर्डरी सांभाळते. दोघांनाही आपापलं काम नीट कळतं, म्हणूनच हा वाद ऐकण्यासारखा आहे. इंटरनेटची पुढची पिढी धंद्यांना काय देणार, याची चर्चा नेहमी मोठ्या कंपन्यांच्या बाजूने होते. मोठ्या कंपनीला एखादा प्रयोग फसला तरी सोसतो. शेदोनशे कलमांच्या बागेचा एक हंगाम हुकला की सगळं वर्ष हुकतं. म्हणून मला हा विषय बागेच्या बाजूने पाहायचा आहे.

पुतणी : काका, यंदा आपलं संकेतस्थळ नव्याने करायला हवं.

काका : पुन्हा? पहिलं ज्या मुलाने करून दिलं तो म्हणाला होता, जगभरातून फोन येतील. फोन आले ते जाहिराती विकणाऱ्यांचे. पुढे तो मुलगा दुसऱ्या गावी गेला आणि कळलं, की संकेतस्थळाचं नावच त्याच्या नावावर नोंदलेलं आहे. मग फेसबुकवर पान काढलं. सुरुवातीची वर्षं बरी गेली, झाडावरचा फोटो टाकला की लोक विचारायचे. नंतर तोच फोटो तेवढ्याच लोकांना दाखवायला पैसे पडायला लागले. त्यानंतर ऑनलाइन बाजारवाले आले. वर्गवारी त्यांची, भाव त्यांचा, परत आलेली पेटी मात्र माझी, आणि आंबा कुणाच्या घरी गेला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. वाशीचा दलाल कमिशन घेतो, पट्टी उशिरा पाठवतो, सगळं खरं. पण फवारणीच्या दिवसांत उचल तोच देतो, आणि फोनवर माझा आवाज ओळखतो. दर वेळी मला सांगितलं, की आता मधला माणूस जाणार. मधला माणूस गेला नाही, फक्त माझ्या ओळखीचा राहिला नाही.

पुतणी : ते सगळं मला मान्य आहे. पण त्या तिन्ही वेळी पडद्यासमोर माणूस बसलेला होता. तो शोधायचा, दहा दुवे उघडायचा, फोटो बघायचा, मग फोन करायचा. आता ती शोधाशोध यंत्र करतंय. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. २०२४च्या ऑगस्टपासून गूगल आपल्याकडेही दुव्यांच्या वर यंत्राने लिहिलेलं उत्तर दाखवतं. ठाण्यातली एखादी बाई आता 'देवगड हापूस' एवढंच लिहिणार नाही. ती विचारेल, अक्षय्य तृतीयेच्या आधी पोचेल असा, कार्बाईडशिवाय पिकवलेला, दोन डझन देवगड हापूस कुणाकडे मिळेल, आणि काय भावाने. तिला उत्तरात दोन-तीन नावं मिळतील. त्यांत आपण असू की नाही, एवढाच प्रश्न आहे.

काका : आणि ती दोन-तीन नावं ठरवणार कोण?

काकांचा हा प्रश्न अगदी मुळाला हात घालतो, आणि त्याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या प्रयोगशाळेत वेबचा प्रस्ताव मांडला, तो माणसांनी वाचायच्या कागदपत्रांसाठी. २००१मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांनी दोन सहकाऱ्यांसह पुढचं चित्र रंगवलं : आईच्या उपचारांसाठी मुलांच्या वतीने संगणकातले मदतनीस परस्पर दवाखाने शोधतात, वेळा जुळवतात, अंतर बघतात. ते चित्र वीस वर्षं कागदावरच राहिलं, कारण दवाखान्याने आपल्या वेळा यंत्राला कळतील अशा कधी लिहिल्याच नाहीत. २०११ साली गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग नावाचा एक सामायिक शब्दसंग्रह काढला. पानावरचा हा आकडा म्हणजे किंमत, ही तारीख म्हणजे माल मिळण्याची, हे गाव म्हणजे उत्पादकाचं, असं पानाच्या पोटात नोंदवायची ती पद्धत. मोठ्या दुकानांनी ती वापरली. बागायतदारांपर्यंत ती पोचली नाही. आताची भाषिक यंत्रं कसंही लिहिलेलं वाचतात, त्यामुळे या नोंदींची गरज संपली, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. साध्या मजकुरातून यंत्र अंदाज करतं, आणि भाव व तारीख या अंदाजाने सांगायच्या गोष्टी नाहीत.

पुतणी : आपला भाव कुठे असतो? व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, रंगीत चित्रात, आणि चोवीस तासांनी तो पुसला जातो. यंत्राच्या दृष्टीने आपण अस्तित्वातच नाही.

काका : आणि जो अस्तित्वात आहे तो खरा आहे कशावरून? कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यात भरणारा माणूस तुझ्या त्या पद्धतीने 'गाव : देवगड' असं बिनदिक्कत लिहील. माझ्याहून छान लिहील. त्याच्याकडे पगारी माणसं आहेत. तुझं यंत्र आंबा फोडून बघणार आहे का?

पुतणी : नाही.

काका : मग खोटं लिहिणाऱ्याला ते आणखी पुढे नेणार.

इथे पुतणी गप्प बसली तर चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण पुढच्या वेबचा सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. लिहिलेली गोष्ट आणि हातातली वस्तू एकच आहे, हे कोण सांगणार? काही वर्षांपूर्वी यावर ब्लॉकचेन हे उत्तर दिलं जात होतं. गॅव्हिन वुड यांनी २०१४ साली वेब थ्री हा शब्द आणला, आणि त्यानंतर शेतमालापासून चित्रांपर्यंत सगळ्याची नोंद कुणालाही बदलता न येणाऱ्या वहीत करायची, अशा योजना निघाल्या. पण न बदलता येणाऱ्या वहीत पहिल्याच दिवशी खोटं लिहिलं, तर ते खोटंही न बदलता येणारं होतं. खोक्यात कुठला आंबा भरला हे वहीला कळत नाही. ते कळतं बागेत उभ्या असलेल्या माणसाला.

पुतणी : पण काका, त्याचं उत्तर तुमच्याच संस्थेने काढलं ना? २०२५च्या हंगामात.

काका : ते स्टिकर? हो, ते काम चांगलं झालं.

पुतणी : मला वाटतं, या सगळ्या चर्चेत त्याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

त्या स्टिकरविषयी नीट सांगायला हवं. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतला आंबाच हापूस या नावाने विकता यावा, यासाठी. पण कायद्याचा कागद बाजारातल्या पेटीवर लक्ष ठेवू शकत नाही. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५मध्ये फळाफळावर लावायचं एक स्टिकर आणलं. त्यावर सांकेतिक क्रमांक असतो. गिऱ्हाइकाने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, की स्टिकर काढून खालच्या बाजूचा क्रमांक विचारला जातो, आणि तो जुळला तर आंबा कुठल्या बागायतदाराचा ते कळतं. स्टिकर एकदा काढलं की फाटतं, पुन्हा दुसऱ्या फळाला लावता येत नाही. आणि मुख्य गोष्ट ही, की बागायतदाराला स्टिकर मिळतात ती त्याच्या झाडांच्या हिशोबाने. ज्याची जेवढी कलमं, तेवढ्या अंदाजाने स्टिकर. बाहेरचा आंबा आपल्या नावावर खपवायचा तर स्वतःच्या फळांची स्टिकर खर्ची पडतात.

यात तंत्रज्ञान साधंच आहे. त्यामागे झाडांची मोजणी आहे, आणि ज्यांची बाग एकमेकांना दिसते अशा सभासदांची संस्था आहे. गावातल्या गावात कुणाची किती कलमं हे लपत नाही. पुढच्या वेबमध्ये जो धंदा टिकेल, त्याच्यामागे अशी कुणीतरी जबाबदारी घेतलेली संस्था असावी लागेल, असं माझं ठाम मत आहे. कोल्हापुरी चपलेचंही तेच. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्या, तेव्हा आपल्याला दाद मागता आली ती त्या नावामागे आधीपासून मानांकन होतं, आणि त्या मानांकनामागे महाराष्ट्र व कर्नाटकातली चर्मोद्योगाची महामंडळं होती, म्हणून.

काका : मग मी म्हणतो तेच झालं की. संस्था हवी, माणसं हवीत, ओळख हवी. यंत्राचं काय काम उरलं?

पुतणी : संस्थेने सांगितलेलं खरं ठाण्यापर्यंत नेण्याचं काम. आज ते आंबा हातात आल्यावर कळतं. घेण्याआधी कळायला हवं. आणि दुसरी गोष्ट विचारते. पेटीतल्या आंब्यात आतून साका निघाला तर तुम्ही काय करता?

काका : बदलून देतो. साका बाहेरून दिसत नाही, त्यात गिऱ्हाइकाचा काय दोष?

पुतणी : हे कुठे लिहिलंय?

काका : लिहायचं कशाला? आपल्या गिऱ्हाइकांना माहीत आहे.

पुतणी : आंबा आढीत पिकवून देता की कडक पाठवता? कडक असला तर किती दिवसांनी खायचा? पेटी खासगी बसच्या डिकीतून येणार की टेम्पोने? सहा डझनी पेटीतला आणि चार डझनी पेटीतला आंबा यांत फरक काय? हे सगळं तुम्ही फोनवर सांगता, दर हंगामात शेकडो वेळा. यातलं एक अक्षर कुठे नोंदलेलं नाही. तुमचा खरा माल हाच आहे काका. आंबा तर शेजाऱ्याकडेही चांगला पिकतो.

काका : आणि मी हे लिहिलं की काय होणार ते मला विचार. ओळखीच्या माणसाच्या पेटीत एक फळ बिघडलं, तर तो एकच सांगतो. पुढच्या पेटीत मी दोन जास्त घालतो, हिशोब संपला. अनोळखी माणूस लिहिलेलं बघून येणार आणि डझनभर बिघडले म्हणणार. फोटो पाठवेल, तोही यंत्राने बनवलेला असू शकतो म्हणतात. लिहिलेला शब्द उलटा माझ्यावरच धरला जाईल.

हा आक्षेप मला पुतणीच्या सगळ्या युक्तिवादांइतकाच वजनदार वाटतो. छोट्या धंद्यांनी आपली वचनं तोंडी ठेवली ती आळसाने ठेवली नाहीत. तोंडी वचन माणूस बघून देता येतं, आणि त्यात दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक असते. यंत्राला ती मोकळीक समजत नाही. दोन विक्रेत्यांपैकी एकाने 'सात दिवसांत बदलून मिळेल' असं लिहिलं आणि दुसऱ्याने काहीच लिहिलं नाही, तर ते पहिल्याचं नाव सांगेल, मग दुसरा माणूस कितीही सचोटीचा असो. तरी माझा कौल लिहिण्याकडे आहे. मर्यादेसह लिहावं : काय बदलून मिळेल, किती दिवसांत, स्टिकर शाबूत असल्यास. वचनाच्या अटी आपण लिहिल्या नाहीत, तर त्या विकणारा मंच लिहितो, आणि तो त्या आपल्या सोयीने लिहितो. काकांची परत आलेली पेटी त्याच वाटेने त्यांच्या माथी आली होती.

काका : बरं, उद्या हे यंत्र विकतही घेणार म्हणतात. पैसेसुद्धा तेच देणार?

पुतणी : सुरुवात झाली आहे. २०२५च्या सप्टेंबरात चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने अमेरिकेत गप्पांच्या खिडकीतूनच खरेदीची सोय सुरू केली. पुढच्याच महिन्यात यूपीआय चालवणारी एनपीसीआय आणि रेझरपे यांनी ओपनएआयबरोबर यूपीआयवर तसा प्रयोग जाहीर केला. माणसाने मर्यादा घालून द्यायची आणि यंत्राने त्या मर्यादेत पैसे चुकते करायचे.

काका : यूपीआयला मी नावं ठेवणार नाही. २०१६ला आलं, आणि आज कोपऱ्यावरच्या कोकम विकणाऱ्या बाईलाही पैसे मिळायला खर्च येत नाही. पण ते सगळ्यांसाठी खुलं होतं ना? मग बहुतेक व्यवहार दोनच कंपन्यांच्या ॲपमधून का होतात?

पुतणी : फोनपे आणि गूगल पे. दोघं मिळून ऐंशी टक्क्यांच्या आसपास. एका ॲपकडे तीस टक्क्यांहून जास्त व्यवहार नकोत असा नियम केला होता, त्याची मुदत वाढत वाढत २०२६च्या अखेरीपर्यंत गेली आहे.

काका : म्हणजे रस्ता सरकारने बांधला, सगळ्यांना खुला ठेवला, आणि रस्त्याच्या तोंडाशी दोन दुकानं बसली. तुझ्या त्या यंत्रांचंही हेच होणार. विचारणारे लाखो, विकणारे हजारो, आणि मध्ये उत्तर देणारे दोन-तीन. आज ते फुकट नाव सांगतील. सवय लागली की नाव सांगायचे पैसे मागतील. फेसबुकने तेच केलं.

पुतणी : हो, तसं होऊ शकतं.

काका : मग?

पुतणी : म्हणून तर म्हणते, की लिहायचं ते आपल्या जागेवर. आपल्या नावावर नोंदलेल्या संकेतस्थळावर, कुणालाही वाचता येईल अशा पद्धतीने. एका यंत्राने पैसे मागितले तर दुसरं वाचेल. मंचावर लिहिलेलं मंचाबरोबर जातं. ओएनडीसी या ऑनलाइन व्यापाराच्या खुल्या जाळ्यामागे हीच कल्पना आहे : गिऱ्हाइकाचं ॲप वेगळं, विक्रेत्याचं वेगळं, मधली भाषा सामायिक.

काका : ओएनडीसीवर पेटी फुटली तर ओरडायचं कुणाच्या नावाने? त्याचं ॲप म्हणणार विक्रेत्याला विचारा, विक्रेत्याचं म्हणणार पोचवणाऱ्याला. आंबा तोवर सडला.

पुतणी : त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

माझ्याकडेही नाही. खुल्या व्यवस्थेत काम वाटलं जातं तसा दोषही वाटला जातो, आणि नाशवंत मालाला ते परवडत नाही. टिकाऊ मालासाठी, पैठणीसाठी किंवा काजूसाठी, ही अडचण इतकी टोकाची नाही.

आणखी एक फरक नमूद करायला हवा, कारण तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. यंत्रांनी वेब वाचावा की नाही, यावर सध्या मोठी झुंज चालू आहे. १९९४पासून संकेतस्थळं एका छोट्या फायलीत 'इथे येऊ नका' असं यंत्रांना सांगत आली, पण ती केवळ विनंती होती. २०२५च्या जुलैत क्लाउडफ्लेअर या कंपनीने नव्या ग्राहकांच्या संकेतस्थळांवर एआयच्या वाचक यंत्रांना मुळातच अडवायला सुरुवात केली, आणि वाचायचं तर पैसे द्या, अशी सोयही मांडली. वर्तमानपत्रासाठी, पाककृती लिहिणाऱ्या लेखिकेसाठी हे जीवनमरणाचं आहे. तिचा मजकूर हाच तिचा माल, आणि यंत्राने तो उत्तरात देऊन टाकला की तिच्या पानावर कुणी येत नाही. बागायतदाराचं नेमकं उलट आहे. त्याचा मजकूर कितीही वाटला गेला तरी आंबा त्याच्याच झाडावर राहतो. त्यामुळे 'नव्या वेबचा धंद्यांवर परिणाम' असं एकगठ्ठा काही बोलता येत नाही. शब्द विकणाऱ्याने दार लावावं आणि वस्तू विकणाऱ्याने उघडावं, असा हा काळ आहे, आणि दोघांना सल्ला देणारे मात्र बहुतेक वेळा एकच असतात.

काका : लिहायचं झालं तर मराठीत लिहू. इंग्रजीत 'प्रीमियम क्वालिटी' लिहायला माझी गरज नाही.

पुतणी : मराठीतच लिहा. २०११च्या जनगणनेत मराठी बोलणारे सव्वाआठ कोटींच्या वर होते, पण वेबवर मराठी मजकूर त्या मानाने फारच थोडा आहे. आढी, साका, पेटीची वर्गवारी, यांविषयी कुणी जाणत्याने सविस्तर लिहिलंच नाही, तर यंत्र दुसऱ्या भाषेतल्या ऐकीव माहितीवरून आपल्या आंब्याचं वर्णन करेल.

काका : आणि माझी वही?

काकांची वही म्हणजे गिऱ्हाइकांची. नाव, पत्ता, पेटी कितीची, आणि समोर एकेक ओळ : आजींना मऊ चालत नाही, मुलगी मे महिन्यात माहेरी येते तेव्हा एक पेटी जास्त.

पुतणी : वही संगणकात घ्यायला हवी, पण कुठल्याही एआयच्या खिडकीत टाकायची नाही. विदेच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, नियमही २०२५मध्ये आले. आणि कायदा नसता तरी ती माहिती त्या लोकांनी तुम्हाला दिली आहे, मला किंवा यंत्राला नाही.

काका : हे तू बोललीस ते बरं झालं. मग आता भावाचं बोल. तुझ्या त्या नोंदीत भाव लिहावाच लागणार?

पुतणी : लागणारच. भाव नसेल तर यंत्र आपल्याला वगळेल. 'भावासाठी संपर्क करा' याला त्याच्याकडे किंमत नाही.

काका : मार्चचा भाव मेमध्ये निम्म्यावर येतो. मी आज लिहिला की वाशीचा दलाल वाचणार, शेजारी वाचणार, आणि उद्या ठाण्याची बाई तोच धरून बसणार. भाव हा माझा हात आहे, तो आधी कसा उघडू?

पुतणी : रोज बदलता येईल. नोंदीत 'अमुक तारखेपर्यंत' असं लिहिता येतं.

काका : रोज नको. आठवड्याचा लिही, सोमवारचा. पण मुंबईच्या आणि पुण्याच्या घरपोच पेट्यांचाच. वाशीला जाणाऱ्या मालाचा भाव त्यात येता कामा नये, आणि पहिल्या पेटीची पट्टी हातात पडेपर्यंत काहीच लिहायचं नाही.

पुतणी : पट्टी उशिरा येते असं तुम्हीच म्हणालात. तोवर मार्चची गिऱ्हाइकं दुसरीकडे जातील.

काका : जाऊ देत. मार्चची गिऱ्हाइकं वहीतलीच असतात, त्यांना मी फोन करतो. तू एप्रिलपासून लिही.